आगबोटींचा मुंबईकर इंजिनिअर

हार्बर मार्गावरील कॉटन ग्रीन स्टेशनाच्या पूर्वेस जी वखारींची विस्तीर्ण वस्ती दिसते, तिच्याखालची जमीन ही समुद्रापासून मिळविलेली जमीन आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं पोर्ट ट्रस्टनें माझगांव ते शिवडीपर्यंतचा चिखलाचा किनारा भरून काढला. पुढें १९२० नंतरच्या वर्षांत कुलाब्याचा कापूसबाजार तेथें हलला आणि ‘कॉटन ग्रीन’ हें आपलें जुनें नांवही बरोबर घेऊन आला. त्याच्या आधीं शंभर वर्षें या जागीं भरतीचें पाणी खेळत असे. तेथून दक्षिणेस, माझगांवांत, त्या वेळीं एका पारशी गृहस्थाच्या बंगल्यांत ओतकामाची भट्टी पेटत होती. हे गृहस्थ म्हणजे आर्देशीर करसेटजी वाडिया.

आज जहाजाचा मार्ग, माल आणि यंत्रें यांचा हिशेब संगणकाच्या आज्ञावली ठेवतात, आणि अशा आज्ञावली रचून नवे उद्योग उभारणाऱ्या तरुणांकडे लोक कौतुकानें पाहतात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हें स्थान वाफेला होतें.

आर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा. त्यांचे पूर्वज लवजी नसरवानजी हे १७३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईस आले, आणि तेव्हांपासून मुंबईच्या गोदींत जहाजें बांधण्याचें काम या घराण्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चाललें. मलबारी सागवानाचीं त्यांचीं जहाजें इतकीं टिकाऊ होतीं, कीं १८१७ सालीं मुंबईच्या पाण्यांत उतरलेलें ‘ट्रिंकोमाली’ आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. ज्या घराला लांकडानें एवढी कीर्ति दिली, त्या घरांतील मुलानें लोखंडाकडे वळावें, हें सोपें नव्हतें. चौदाव्या वर्षीं ते वडिलांच्या हाताखालीं गोदींत शिकूं लागले खरे. परंतु त्यांचें लक्ष शिडांपेक्षां यंत्रांकडे अधिक.

आगबोटीची नवलाई मुंबईनें प्रत्यक्ष पाहिली ती ‘ह्यू लिंडसे’च्या रूपानें. मुंबईच्याच गोदींत बांधलेली ही ४११ टनांची बोट २० मार्च १८३० रोजीं सुएझला निघाली आणि सुमारें ३२ दिवसांत तेथें पोंचली. विलायतेची टपाल आफ्रिकेला वळसा घालून महिनेच्या महिने वाटेंत राही, त्या दिवसांत ही गोष्ट चमत्काराची वाटली. पण चमत्काराला कोळसा लागतो. बोटींत कोळशाची जागा पांच-सहा दिवसांपुरती, आणि एडनपर्यंतचा प्रवास अकरा दिवसांचा. म्हणून उतारूंच्या खोल्यांतही कोळसा भरावा लागला, आणि एडन गांठेपर्यंत तोही बहुतेक संपत आला होता.

अशा वेळीं, १८३३ मध्यें, पंचवीस वर्षांच्या आर्देशीर यांनीं ‘इंडस’ नांवाची साठ टनांची लहानशी बोट बांधून तींत बाष्पयंत्र बसविलें. दुसऱ्याच वर्षीं त्यांनीं माझगांवचा आपला बंगला आणि बाग ग्यासच्या दिव्यांनीं उजळली. तो सोहळा पाहावयास गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर जातीनें आले होते. ग्यास तयार करण्याची ही सारी व्यवस्था केवळ देशी कारागिरांच्या हातून उभी राहिली होती. दिव्यांच्या झगमगाटापेक्षां ही गोष्ट खरोखर अधिक महत्त्वाची.

१८३९ सालीं ते विलायतेस गेले. सुएझपर्यंत बोटीनें, मग मिसर देशाची भूमि ओलांडून पुन्हां समुद्रानें, असा तो प्रवास. त्याची त्यांनीं लिहिलेली रोजनिशी १८४० मध्यें लंडनला छापली गेली. तेथें त्यांनीं जहाजी बाष्पयंत्रांचा बारकाईनें अभ्यास केला, आणि कंपनी सरकारनें त्यांना मुंबईच्या ‘स्टीम फॅक्टरी’चे मुख्य इंजिनिअर व यंत्रांचे तपासनीस नेमलें. १ एप्रिल १८४१ पासून त्यांची ही नेमणूक झाली. पुढल्या महिन्यांत, २७ मे रोजीं, लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद निवडलें. हा मान मिळविणारे ते पहिले हिंदी गृहस्थ. दुसरे श्रीनिवास रामानुजन. पण त्यासाठीं १९१८ साल उजाडावें लागलें.

हें मुख्य इंजिनिअरचें काम नुसत्या मानाचें नव्हतें, हें समजण्यासाठीं त्या काळचा बॉयलर कसा असे तें पाहिलें पाहिजे. त्या बॉयलरांत समुद्राचें खारें पाणीच घालीत. पाण्याची वाफ होऊन जाई आणि मीठ मागें राही. त्याचे थर आंतल्या पत्र्यावर चढत. थर जाड झाला कीं आंच पाण्यापर्यंत पोंचेना, कोळसा जास्त जळे, आणि पत्रा तापून फुगे किंवा फुटे. म्हणून वाटेंत वरचेवर कांहीं कढत खारें पाणी बाहेर सोडून नवें घ्यावें लागे, म्हणजे मिळविलेली उष्णता अर्धवट समुद्रांत फेंकून द्यावी लागे. प्रवास संपला कीं खरवडणें, ठिगळें मारणें आणि प्रसंगीं बॉयलरच बदलणें आलें. हें काम मुंबईंत झालें नाहीं, तर तुटलेल्या भागाची वाट विलायतेकडे डोळे लावून पाहावयाची आणि बोट तोंवर बंदरांत बांधून ठेवावयाची. आगबोटींची ये-जा नियमित चालणें, हें अशा कारखान्याच्या शहाणपणावर अवलंबून होतें.

या कारखान्यांत सुमारें शंभर युरोपीय इंजिनिअर व बॉयलर बांधणारे, आणि सुमारें दोनशें देशी कारागीर होते. गोऱ्या लोकांवर हिंदी मनुष्य अधिकारी, हा प्रकार अगदीं नवा. मुंबईच्या इंग्रजी पत्रांतून नेमणुकीच्या औचित्याविषयीं शंका घेण्यांत आली. आर्देशीर यांनीं या शंकेला कामानें उत्तर दिलें. ते सोळा वर्षें त्या जागेवर होते. १८४९ मध्यें ते अमेरिकेसही जाऊन आले. १८५१ मध्यें त्यांनीं ‘लवजी फॅमिली’ नांवाची आगबोट पाण्यांत सोडली. तिचे सर्व भाग त्यांच्या घरच्या भट्टींत ओतून तयार केलेले होते. सागवानाच्या कारागिराचें नांव आपल्या बोटीला देण्यांत त्यांचा कांहीं विशेष हेतु असावा, असें वाटल्याखेरीज राहत नाहीं. शिवणयंत्र आणि विजेचा मुलामा या गोष्टीही मुंबईस त्यांनींच प्रथम दाखविल्या.

१८५७ च्या ऑगस्टमध्यें ते निवृत्त झाले. त्यानंतर सिंधमध्यें कोटरी येथें सिंधु नदीवरील आगबोटींच्या कंपनीचे देखरेख करणारे इंजिनिअर म्हणून त्यांनीं कांहीं काळ काम केलें. पण १८६३ च्या सुमारास ते इंग्लंडला परतले आणि लंडनजवळील रिचमंड येथें कायमचे राहिले. ज्या कारखान्याला त्यांनीं सोळा वर्षें दिलीं, त्याचें गांव सोडून शेवटचीं वर्षें परक्या हवेंत घालविण्याचें कारण त्यांच्या मनांत काय होतें, तें त्यांचें त्यांना ठाऊक. १८६९ मध्यें सुएझचा कालवा उघडला आणि ‘ह्यू लिंडसे’नें कोळशाचे ढीग वाहून कशीबशी गांठलेली वाट सर्व जगाच्या आगबोटींची हमरस्त्यासारखी वहिवाट झाली. १६ नोव्हेंबर १८७७ रोजीं आर्देशीर रिचमंड येथें वारले. भारत सरकारनें १९६९ सालीं त्यांच्या नांवाचें टपाल तिकीट काढलें.