नदीकाठचे स्वस्त घर : रायपूरजवळील राजिम-नवापाराचे उदाहरण

मध्यमवर्गीय कुटुंबाच्या आयुष्यात घरखरेदी हा बहुधा एकदाच होणारा आणि सर्वांत मोठा आर्थिक व्यवहार असतो. महानगरांतील किमती आवाक्याबाहेर गेल्यामुळे शहरापासून तासा-दीड तासाच्या अंतरावरील लहान गावाकडे अनेकांची दृष्टी वळते. गाव नदीकाठी असेल तर ओढ अधिकच वाटते. छत्तीसगढची राजधानी रायपूर येथे ही प्रक्रिया स्पष्टपणे दिसते. १ नोव्हेंबर २००० रोजी राज्य अस्तित्वात आले, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या दहा लाखांच्या पुढे गेली आणि पुढील वर्षी मंत्रालय नवा रायपूर येथे हलल्यावर शहराच्या आग्नेयेकडील जमिनीला मागणी आली.

याच दिशेला, रायपूरपासून सुमारे ४५ किलोमीटरवर, महानदी, पैरी आणि सोंढूर या तीन नद्यांच्या संगमावर राजिम वसले आहे. नदीच्या पलीकडच्या काठावर नवापारा आहे. व्यवहारात ही एकच वस्ती असली तरी राजिम २०१२ मध्ये स्थापन झालेल्या गरियाबंद जिल्ह्यात आणि नवापारा रायपूर जिल्ह्यात मोडते. पूल ओलांडला की तहसील, नोंदणी कार्यालय आणि नगरपालिका बदलते, याचे भान खरेदीदाराने पहिल्या दिवसापासून ठेवावे.

मराठी वाचकाला हा प्रदेश परका नाही. अठराव्या शतकाच्या मध्यापासून छत्तीसगढवर नागपूरकर भोसल्यांची सत्ता होती. रायपूरच्या तात्यापारा वस्तीत मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. दासबोध आणि लोकमान्य टिळकांचे गीतारहस्य हिंदीत नेणारे माधवराव सप्रे यांनीही रायपूरलाच कर्मभूमी मानले. त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही १९०१ सालची कथा हिंदीतील आरंभीच्या कथांमध्ये गणली जाते. तिचा विषय घर हाच आहे. वाड्याशेजारची एका विधवेची झोपडी जमीनदार न्यायालयाच्या आधारे ताब्यात घेतो. कथेत अखेर त्याला पश्चात्ताप होतो व झोपडी परत मिळते. प्रत्यक्ष व्यवहारात मात्र अशा पश्चात्तापावर विसंबता येत नाही. तेथे कागद लागतो.

जमिनीची ओळख

महाराष्ट्रात सातबारा वाचण्याची सवय असलेल्या खरेदीदाराला छत्तीसगढची कागदपत्रे प्रथम अपरिचित वाटतात. येथे जमिनीची ओळख खसरा क्रमांकाने होते. खसऱ्याचा उतारा ‘पी-दोन’ आणि खातेदाराच्या सर्व जमिनींचा उतारा ‘बी-एक’ या नावाने ओळखला जातो. दोन्ही उतारे आणि नकाशा राज्याच्या ‘भुइयां’ या संगणकीय अभिलेखात पाहता येतात. क्षेत्रमापनात गुंठ्याऐवजी डिसमिल चालते. एक डिसमिल म्हणजे एकराचा शंभरावा भाग, सुमारे ४३६ चौरस फूट. अडीच डिसमिलचा एक गुंठा होतो. आपल्याकडील ‘बिगरशेती’ला येथे ‘डायव्हर्शन’ म्हणतात आणि रेडी रेकनरच्या जागी ‘गाइडलाइन’ दर असतो.

स्वस्त भूखंडाच्या स्वस्ताईचे कारण पुष्कळदा येथेच सापडते. शेतकऱ्याकडून एकरभर भातखाचर घेऊन त्यात मुरमाचा रस्ता टाकला जातो, चुन्याने रेघा मारल्या जातात आणि तुकडे विकले जातात. नगर तथा ग्राम निवेश विभागाने मंजूर केलेला आराखडा नसतो, डायव्हर्शन झालेले नसते आणि रस्त्याची जागा तर मूळ शेतकऱ्याच्याच नावावर राहते. खरेदीखत नोंदलेले असल्यामुळे खरेदीदार निर्धास्त असतो. पुढे बांधकामाचा परवाना मिळत नाही, बँक कर्ज देत नाही आणि एखाद्या दिवशी रस्त्यावर कुंपण उभे राहते, तेव्हा उलगडा होतो. नोंदणी म्हणजे व्यवहार झाल्याचा पुरावा. विकणाऱ्याला विकण्याचा आणि घेणाऱ्याला बांधण्याचा अधिकार होता, असे नोंदणी सिद्ध करीत नाही. हा भेद आपल्या समाजात अद्याप पुरेसा रुजलेला नाही. पाच डिसमिलहून लहान तुकड्यांच्या खरेदी-विक्रीवरील बंदी २०१९ मध्ये उठविण्यात आली होती. २०२५ मध्ये भू-राजस्व संहितेत दुरुस्ती करून राज्याने शेतजमिनीच्या अशा तुकड्यांना पुन्हा अटकाव केला, तो याच अनुभवातून. पाच डिसमिल म्हणजे बरोबर दोन गुंठे. त्याहून लहान शेतभूखंड कोणी देऊ करीत असल्यास तेथेच थांबावे.

आणखी दोन बाबी या प्रदेशाच्या खास आहेत. पहिली, नजूल जमीन. ही नागरी क्षेत्रातील शासकीय जमीन असून ती पट्ट्याने दिलेली असते. जुन्या वस्तीतले घर घेताना खालची जमीन मालकीची की नजूल पट्ट्याची, पट्ट्याची मुदत किती व नूतनीकरण झाले आहे काय, हे पाहणे अगत्याचे ठरते. दुसरी बाब आदिवासींच्या जमिनीची. संहितेच्या कलम १६५ नुसार अनुसूचित क्षेत्रात आदिवासी जमातीच्या व्यक्तीची जमीन बिगर-आदिवासीला विकता येत नाही. अन्य क्षेत्रात जिल्हाधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. गरियाबंद जिल्ह्याचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. म्हणून मालकाची केवळ आजची नोंद पाहून भागत नाही. मागील तीस वर्षांचे हस्तांतरण तपासावे, कारण विनापरवानगी झालेला जुना व्यवहार नव्या मालकाच्या गळ्यात पडू शकतो.

तयार वसाहतीतील घर किंवा सदनिका घ्यायची असल्यास २०१६ चा स्थावर संपदा कायदा मोठा आधार आहे. पाचशे चौरस मीटरहून मोठ्या जमिनीवरील किंवा आठांहून अधिक सदनिकांच्या प्रकल्पाची ‘रेरा’ प्राधिकरणाकडे नोंदणी अनिवार्य असून भूखंडांच्या वसाहतींनाही ती लागू आहे. नोंदणीकृत करार झाल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम विकासकाला घेता येत नाही. ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी सत्तर टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात, आणि ताबा दिल्यापासून पाच वर्षांत आढळलेला बांधकामातील दोष विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो.

नदी आणि माती

राजिमच्या संगमात, नदीच्या पात्रातच, कुलेश्वर महादेवाचे प्राचीन मंदिर उभे आहे. पावसाळ्यात भोवती पाणी चढते. मंदिर मात्र शतकानुशतके टिकून आहे, कारण ते एका उंच, अष्टकोनी दगडी जगतीवर बांधलेले आहे. पात्रात बांधणाऱ्यांनी नदीला वाट ठेवली आणि उंचीकडे लक्ष दिले. आज काठावर बांधणारे या दोन्ही गोष्टी विसरतात.

वरच्या बाजूला धमतरीजवळ महानदीवर गंगरेल धरण आहे, तर पैरीवर सिकासार. धरणांमुळे लहान पूर अडतात. पण धरण भरलेले असताना वर मुसळधार पाऊस झाला तर पाणी सोडावेच लागते, आणि राजिम दोन्ही धरणांच्या खाली आहे. ‘धरण झाल्यापासून इकडे पाणी येत नाही’ हे दलालाचे वाक्य म्हणूनच पुरेसे मानू नये. महाराष्ट्रात पाटबंधारे विभाग पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा आखतो. निळ्या रेषेच्या आत बांधकामास मनाई असते. कोल्हापूर-सांगलीने २००५ आणि २०१९ मध्ये या रेषांचे महत्त्व पुरेपूर अनुभवले. राजिममध्ये खरेदी करताना हीच चौकशी जलसंसाधन विभागाकडे व नगर निवेश कार्यालयाकडे करावी. शिवाय जुन्या घरांच्या भिंतींवरील पाण्याच्या खुणा पाहाव्यात. गावातले वृद्ध नाविक आणि भाजीचे मळे करणारे पुराची उंची बोटाने दाखवितात, ती अनेकदा कागदावरील रेषेइतकीच विश्वसनीय असते.

मातीचा प्रश्न खरेदीदार सहसा विचारीतच नाही. छत्तीसगढच्या शेतकऱ्याने आपल्या मातीला नेमकी नावे दिली आहेत. लाल, मुरमाड ती भाटा, पिवळसर ती मटासी, दोहोंमधली डोरसा, आणि काळी, चिकण ती कन्हार. भातशेतीला भाटा निकृष्ट, पण घराच्या पायाला उत्तम. कन्हारचे याच्या उलट आहे. आपल्या विदर्भातील काळ्या मातीप्रमाणे ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर उथळ पाया घातल्यास दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरक्या चिरा पडतात. अशा ठिकाणी पाया मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो किंवा तळाशी रुंद केलेले काँक्रीटचे खांब घालावे लागतात. भूखंड स्वस्त मिळाला तरी पायाचा खर्च वाढतो, हे हिशेबात धरावे. पाच-सहा फूट खोल खड्डा खणून पाहण्यास फारसा खर्च येत नाही.

पैशाचा हिशेब

समजा, आठ लाख रुपयांचे कर्ज नऊ टक्के दराने वीस वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ७,२०० रुपये येतो आणि एकूण परतफेड सव्वासतरा लाखांपर्यंत जाते. तीस लाखांपर्यंतच्या कर्जात बँका घराच्या किमतीच्या नव्वद टक्क्यांपर्यंतच रक्कम देऊ शकतात. उरलेली रक्कम, मुद्रांक व नोंदणी शुल्क यांची तरतूद बहुधा स्वतःच करावी लागते. घर महिलेच्या नावे घेतल्यास शुल्कात सवलत मिळते.

सप्टेंबर २०२४ पासून लागू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना-नागरी २.० मध्ये वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत असलेल्या आणि देशात कोठेही पक्के घर नसलेल्या कुटुंबांना व्याज-अनुदान आहे. घराची किंमत पस्तीस लाखांपर्यंत व कर्ज पंचवीस लाखांपर्यंत असावे लागते; पहिल्या आठ लाखांवर चार टक्के दराने हिशेब होऊन कमाल १.८० लाख रुपये पाच हप्त्यांत जमा होतात. तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना स्वतःच्या जमिनीवर घर बांधण्यासाठी केंद्राचे दीड लाख रुपये मिळतात. अर्थात, त्यासाठी जमीन निर्विवाद असावी लागते, आणि अवैध तुकडा घेणारा नेमका येथेच अडतो.

लहान गावात वाचणारा पैसा प्रवासात जाऊ शकतो, हेही खरे. राजिमच्या बाबतीत हे चित्र अलीकडे पालटले आहे. अभनपूर-राजिम छोट्या रेल्वेमार्गाचे मोठ्या मार्गात रूपांतर होऊन मार्च २०२५ मध्ये रायपूर-अभनपूर व सप्टेंबर २०२५ मध्ये राजिमपर्यंत प्रवासी गाडी सुरू झाली. ही गाडी नवा रायपूरवरून जाते. तरीही मोठ्या आजारासाठी ‘एम्स’ गाठावयाचे तर रायपूरच्या पश्चिमेला टाटीबंधपर्यंत जावे लागते. घरात वृद्ध असल्यास हे अंतर महत्त्वाचे आहे. माघ पौर्णिमेपासून महाशिवरात्रीपर्यंत संगमावर मोठी यात्रा भरते व घाटाकडील रस्त्यांवर वाहने चालविणे दुरापास्त होते.

घर पाहण्यासाठी लोक हिवाळ्यात येतात. तेव्हा पात्रात पाणी असते, हवा सुखद असते आणि रस्ते कोरडे असतात. मे महिन्यात हेच पात्र वाळूचे मैदान होते व पारा बेचाळीस अंशांच्या पुढे जातो; नळाला किती वेळ पाणी येते आणि कूपनलिका किती खोल गेली, हे त्याच महिन्यात विचारावे. दुसरी फेरी ऑगस्टमध्ये करावी, शक्य तर संततधार लागली असताना, आणि भूखंडापर्यंत पायी जावे.