मांजराची नखे आणि माणसाची सोय

बऱ्हाणपूरच्या लोधीपुऱ्यातून गेल्या पंधरवड्यात आम्हांस एक पत्र आले. पत्र लिहिणाऱ्या भगिनी मूळच्या वेंगुर्ल्याच्या. लग्न होऊन तापीकाठी गेल्याला त्यांना चाळीस वर्षे होत आली, तरी माहेरचे वर्तमानपत्र त्यांनी सोडलेले नाही. लोधीपुरा म्हटले की दाऊदी बोहरा समाजाची दर्गा-ए-हकीमी आणि तेथे देशोदेशींहून येणारे यात्रेकरू आठवतात. ह्या भगिनींच्या घरीही परदेशाहून पाहुणा आला आहे. मात्र तो चार पायांचा आहे. अमेरिकेतील नोकरी संपवून मुलगा परतला आणि तिकडे सांभाळलेली मांजरी त्याने सोबत आणली. त्याने ती अनाथ जनावरांच्या आश्रयगृहातून घेतली, तेव्हाच तिच्या पुढच्या पायांना नखे नव्हती. आधीच्या मालकाने ती काढून टाकविली होती. आता ही मांजरी वाळूच्या घमेल्यात पाय ठेवते न ठेवते तोच बाहेर उडी घेते आणि गादीवर घाण करते. पंजाला कोणी हात लावला की कडाडून चावते. शेजारपाजारचे म्हणतात, विलायती जनावर लाडावलेले आहे. भगिनी विचारतात, नखे पुन्हा येतील काय आणि हिचे करावे तरी काय?

पत्र वाचून प्रथम आम्हांस वाटले, नखे काढणे म्हणजे न्हाव्याच्या नराणीचे काम, थोडे खोलवर केलेले असावे. पुष्कळांची समजूत अशीच असते. वस्तुस्थिती निराळी आहे. आपले नख मांसावर बसलेले असते. मांजराचे नख बोटाच्या शेवटच्या हाडातूनच उगवते, तेव्हा ते कायमचे घालवायचे तर ते हाडच सांध्यातून कापून काढावे लागते. माणसाच्या बाबतीत बोलायचे तर प्रत्येक बोटाचे शेवटचे पेर उडविण्यासारखे हे आहे. पुढच्या दोन पायांची अशी दहा पेरे. चारही पाय केले तर अठरा. शस्त्र सुरीचे असो, कात्रीचे असो की लेसर किरणांचे, हाड जायचे ते जातेच. दुसऱ्या एका पद्धतीत हाड ठेवून नख बाहेर काढणारी कंडरा तेवढी तोडतात. मग नखे झिजत नाहीत, जाड होत जातात आणि वेळच्या वेळी कापली नाहीत तर वळून पंजाच्या गादीत रुततात.

एवढा खटाटोप कशासाठी? तर कोचाचे कापड फाटू नये म्हणून!

मांजर ओरखडते ते खोडीने नव्हे. ओरखडताना नखावरचे जुने कवच गळून खालचे धारदार नख मोकळे होते, पाठीचा कणा ताणला जातो आणि पंजातील ग्रंथींचा गंध त्या जागी राहून ‘ही जागा माझी’ अशी नोंद होते. शिवाय मांजर आपल्यासारखे टाचेवर भार देऊन चालत नाही, ते बोटांवर चालते. ज्या पेरांवर शरीराचा भार पडायचा तीच नाहीशी झाली की भार मागे सरकतो आणि चाल बदलते. दुखणे पंजापुरते न राहता पाठीपर्यंत पोचते. 2017 साली अमेरिकेत 274 मांजरांची तपासणी झाली. त्यांतील निम्म्यांची नखे काढलेली होती. नखे काढलेल्यांमध्ये भलत्या ठिकाणी घाण करण्याचा संभव सुमारे सातपट, चावण्याचा चौपट आणि पाठदुखीचा जवळजवळ तिप्पट आढळला. शंभरांपैकी त्रेसष्टांच्या पंजात तर कापलेल्या हाडाचे तुकडे तसेच राहिलेले होते. लोधीपुऱ्याच्या मांजरीला वाळू का टोचते ह्याचा उलगडा ह्यात होण्याजोगा आहे. ज्या जनावराचे पहिले शस्त्र काढून घेतले, त्याने दुसरे, म्हणजे दात, उपयोगात आणले तर त्याला लाडावलेले कोणत्या तोंडाने म्हणावे?

ह्या शस्त्रक्रियेचे समर्थक म्हणतात की नखे काढली नाहीत तर लोक मांजरे घराबाहेर काढतील. हा युक्तिवाद वरवर दयेचा वाटतो. परंतु गादीवर घाण करणारे आणि चावणारे मांजर लोक घरात ठेवतात काय? प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्या रोग्यांच्या घरी तरी नखे काढावीत, असेही सांगण्यात येई. खुद्द अमेरिकेच्या आरोग्यखात्याचाही तसा सल्ला नाही. युरोपीय राष्ट्रांनी 1987 च्या करारातच हा प्रकार निषिद्ध मानला. इस्रायलने 2011 साली तो गुन्हा ठरविला. अमेरिकेत राज्य म्हणून पहिली बंदी 2019 साली न्यूयॉर्कने घातली, 2025 च्या जानेवारीत मॅसॅच्युसेट्सने घातली. जेथे ही चाल फोफावली तेथेच तिचा वीट येऊ लागला आहे.

आपल्याकडे काय? कोकणात मांजर घराचे असते आणि गावाचेही. मासळीबाजारात त्याचा हिस्सा ठरलेला, उंदरांपासून भाताच्या कणग्या राखणे हे त्याचे काम. बिननखांचे मांजर आमच्या आजीने दारात उभे केले नसते! षष्ठीदेवीचे वाहन म्हणून त्याला मान आहे तो वेगळाच. नखांचे तर आम्हां मराठी माणसांना भारी अप्रूप. 2024 साली लंडनहून वाघनखे आली तेव्हा साताऱ्याच्या संग्रहालयापुढे लोटलेली गर्दी आठवावी. पण शहरांतील सदनिकांत आता फारसी जातीची मांजरे आणि महागडे कोच एकाच वेळी शिरू लागले आहेत. कुत्र्यांचे कान छाटण्याची हौस ज्या वाटेने आली त्याच वाटेने ही हौसही येऊ शकते. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या अकराव्या कलमात जनावराचे अंग छाटणे हा अपराध आहे. गुरांची शिंगे काढणे, वेसण घालणे ह्यांना तेथे सूट आहे. मांजराच्या बोटांना ती नाही. मात्र पहिल्या अपराधाला दंड किती, तर दहा रुपयांपासून पन्नास रुपयांपर्यंत! एवढ्यात आज मांजराला दोन दिवसांचे मासे येणार नाहीत. पशुवैद्यकांच्या परिषदेने ही शस्त्रक्रिया नाव घेऊन वर्ज्य ठरवावी आणि संसदेने हा आकडा बदलावा, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नखांच्या उपद्रवावर उपाय अगदी स्वस्त आहे आणि तो आमच्याच किनाऱ्यावर वळला जातो. दोन हात उंचीचा लाकडी खांब जड पाटावर घट्ट ठोकावा, त्यावर काथ्याचा सुंभ गच्च गुंडाळावा आणि मांजर जेथे झोपते त्याच्या जवळ ठेवावा. खांब हलता उपयोगी नाही आणि आखूडही नाही, कारण मांजराला त्यावर पुरते ताणता आले पाहिजे. दोन-तीन आठवड्यांनी नखांची टोके तेवढी खुडावीत. आतला गुलाबी भाग दुखवू नये.

लोधीपुऱ्याच्या मांजरीला मात्र खांब देऊन भागणार नाही. काही पशुवैद्यांना विचारून आम्ही त्या भगिनींना कळविले ते असे. गेलेली पेरे परत येत नाहीत. एखादे नख वेडेवाकडे उगवलेच तर आत हाडाचा अंश राहिला असे समजावे, आणि पंजांची क्ष-किरण तपासणी तर एकदा करून घ्यावीच. घमेल्यात जाड वाळू नको. तापीची वाळू मैद्याच्या चाळणीने चाळून, धुऊन-वाळवून घालावी, किंवा कागदाच्या बारीक चिंध्या घालाव्यात. घमेल्याची कड बुटकी असावी आणि ते रोज साफ करावे. मांजरीचे वजन वाढू देऊ नये, कारण वाढलेला प्रत्येक छटाक त्या पंजांवरच येतो. निमाडच्या उन्हाळ्यात तिला तापल्या गच्चीवर सोडू नये. एकटी अंगणाबाहेर तर कधीच नको, कारण कुत्रा मागे लागला तर तिला झाडावर चढता येणार नाही. चावली म्हणून मारू नये. पंजा न धरता लांब काठीला चिंधी बांधून खेळवावे. दुखते म्हणून घरातली तापाची पॅरासिटामॉलची गोळी मात्र चुकूनही देऊ नये, मांजराला ती प्राणघातक ठरते. वेदनाशामक द्यायचे ते पशुवैद्याच्याच सांगण्यावरून.

परवा उत्तर आले. वाळू चाळण्याचे काम सासऱ्यांनी अंगावर घेतले आहे. गादी चार दिवस कोरडी आहे. चावणे अजून थांबलेले नाही.