नवजात अतिदक्षता विभागातील प्रतिजैविके : मात्रा, विरलन आणि वेळ

नवजात शिशूला झालेला जंतुसंसर्ग काही तासांत प्राणघातक ठरू शकतो. म्हणून रक्ताचा नमुना संवर्धनासाठी पाठवून, अहवालाची वाट न पाहता, प्रतिजैविक शिरेतून सुरू केले जाते. ही घाई योग्यच होय. मात्र औषधाची निवड अचूक असूनही ते देण्याच्या प्रक्रियेतच बालकाला अपाय होऊ शकतो. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे विवेचन केले आहे.

नवजात शिशू म्हणजे प्रौढाची लहान प्रतिकृती नव्हे, हे वैद्यकशास्त्राला मोठी किंमत देऊन शिकावे लागले. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे अकाली जन्मलेल्या काही बालकांना प्रतिबंधक उपाय म्हणून क्लोरॅम्फेनिकॉल दिले जात असे. १९५९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे औषध मिळालेल्या गटातील सुमारे ६० टक्के, तर कोणतेही प्रतिजैविक न मिळालेल्या गटातील सुमारे १९ टक्के बालके दगावल्याचे आढळले. अपरिपक्व यकृत व मूत्रपिंडे यांना औषधाचा निचरा करता येत नव्हता. ते शरीरात साचत जाई, बालक करडे पडे आणि रक्ताभिसरण कोलमडे. ‘ग्रे बेबी सिंड्रोम’ हे नाव त्यावरूनच रूढ झाले.

जेंटामायसिनच्या बाबतीत म्हणूनच मात्रेइतकेच दोन मात्रांमधील अंतर महत्त्वाचे असते. दर किलोग्रॅम वजनास साधारणतः ४ ते ५ मिलिग्रॅम औषध पूर्ण दिवसांच्या बालकास २४ तासांनी, तर अकाली जन्मलेल्यास ३६ वा ४८ तासांनी देतात. पुढील मात्रेपूर्वी रक्तातील पातळी दर मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅमच्या खाली उतरावी लागते. अन्यथा मूत्रपिंड आणि श्रवणशक्ती यांना धोका संभवतो.

खरी कसोटी लागते ती मोजमापात. प्रौढांसाठीच्या नेहमीच्या कुपीत २ मिलिलिटरमध्ये ८० मिलिग्रॅम जेंटामायसिन असते. १ किलोच्या बालकाला ५ मिलिग्रॅम द्यायचे तर त्यातून अवघे ०.१२५ मिलिलिटर, म्हणजे दोन-अडीच थेंब, घ्यावे लागतात. १ मिलिलिटरच्या सिरिंजवर हा आकडा दोन खुणांच्या मध्ये पडतो. शिवाय सिरिंजच्या टोकाशी थोडे औषध अडकून राहते. त्याच सिरिंजमध्ये सलाईन ओढले की तेही मात्रेत मिसळते. म्हणून १ मिलिलिटर औषधात ३ मिलिलिटर सलाईन घालून आधी वेगळे विरलन करतात. मग तीच मात्रा ०.५ मिलिलिटर होते आणि ती नीट मोजता येते. दशांशचिन्ह एक घर सरकले तर मात्रा दहापट होते. यास्तव दोन परिचारिकांनी एकमेकींचे गणित न पाहता स्वतंत्रपणे हिशेब करावा, असा दंडक आहे. एका परिचारिकेकडे बालके वाढली की ही दुसरी तपासणीच प्रथम गळून पडते. त्याचा दोष केवळ तिच्या माथी मारणे न्याय्य नव्हे.

नळीचाही हिशेब करावा लागतो. नळीत १ मिलिलिटर द्रव मावत असेल आणि प्रवाह ताशी ३ मिलिलिटर असेल, तर औषध बालकापर्यंत पोहोचण्यासच २० मिनिटे लागतात. पंप थांबला म्हणजे मात्रा पोहोचली असे नव्हे. नळीत उरलेले औषध त्याच गतीने सलाईन सोडून पुढे सारावे लागते. दिवसाला ८० मिलिलिटर द्रव मिळणाऱ्या बालकाच्या बाबतीत हे सलाईनही द्रवाच्या हिशेबात धरतात.

औषधांचा परस्परसंयोग हा आणखी एक धोका. सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन आणि कॅल्शियम एकत्र आल्यास अविद्राव्य साका तयार होतो. काही मृत नवजात बालकांच्या फुप्फुसांत व मूत्रपिंडांत तो आढळल्यावर अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्ये इशारा दिला. २८ दिवसांपर्यंतच्या बालकाला शिरेतून कॅल्शियम द्यावे लागत असेल, तर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन वर्ज्य मानतात. जेंटामायसिन आणि पेनिसिलिन गटातील औषधेही एकाच सिरिंजमध्ये मिसळत नाहीत, कारण त्यामुळे जेंटामायसिन निष्प्रभ होते.

औषध चालू असताना सुईची जागा उघडी ठेवून वारंवार पाहावी लागते. शीर फुटून औषध ऊतींत उतरले तर सूज येते, त्वचा पांढुरकी पडते, क्वचित ती झडतेही. बोलता न येणाऱ्या रुग्णाची वेदना ओळखण्याचे साधन येथे परिचारिकेची नजर हेच असते. संवर्धनात जंतू न वाढल्यास आणि बालकाची प्रकृती ठीक असल्यास ३६ ते ४८ तासांनी प्रतिजैविक थांबवून सुई काढून घेतात.