कमी शक्तीचे स्पंद, तोच वर्णपट

चुंबकीय अनुस्पंदनाच्या मापनात प्रबळ चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या पदार्थावर रेडिओ तरंगांचा अल्पकालीन झोत, म्हणजेच स्पंद, सोडला जातो आणि त्यामुळे समतोलातून ढळलेली अणुकेंद्रे जो क्षीण संकेत देतात, त्यावरून पदार्थाची रचना उलगडते. रिचर्ड अर्न्स्ट व वेस्टन अँडरसन यांनी १९६६ मध्ये मांडलेल्या पद्धतीत एकाच तीव्र स्पंदाने सर्व वारंवारता एकदम चेतवल्या जातात आणि फूरिये रूपांतर या गणिती प्रक्रियेने वर्णपट मिळतो. रसायनशास्त्रावर या पद्धतीचे उपकार फार मोठे आहेत. मात्र तिला शक्तिशाली विवर्धक लागतो.

प्रोटॉनांचे चुंबकन १० मायक्रोसेकंदांत ९० अंशांनी वळवायचे, तर ते सेकंदाला २५,००० फेऱ्यांच्या वेगाने फिरवू शकेल इतके रेडिओ क्षेत्र हवे. स्पंद दसपट लांबवला, तर दहाव्या हिश्श्याचे क्षेत्र पुरते आणि शक्ती क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असल्याने ती शंभराव्या हिश्श्यावर येते. पण त्याच वेळी चेतवल्या जाणाऱ्या वारंवारतांचा पट्टाही दहाव्या हिश्श्याइतका अरुंद होतो, आणि खरी अडचण इथेच आहे.

या पेचातून सुटण्याचा मार्ग १९७० मध्ये अर्न्स्ट आणि राइनहोल्ड कायझर यांनी स्वतंत्रपणे दाखवला. एका जोरकस स्पंदाऐवजी दुबळ्या स्पंदांची दीर्घ मालिका द्यायची आणि प्रत्येक स्पंदाची कला, म्हणजे तरंगाच्या आवर्तनातील स्थान, वरकरणी यादृच्छिक भासणाऱ्या पण आधी ठरवलेल्या क्रमानुसार ० किंवा १८० अंश ठेवायची, अशी ही युक्ती आहे. प्रतिसाद एकमेकांत मिसळतात खरे, परंतु दिलेला क्रम ठाऊक असल्याने त्याची आणि मिळालेल्या संकेताची गणिताने सांगड घातली, म्हणजे त्यांचा सहसंबंध काढला, की एकाच तीव्र स्पंदाने मिळाला असता तोच प्रतिसाद हाती येतो. चेतना प्रमाणाबाहेर वाढली, तर मात्र वर्णपटात गोंगाटासारखा दोष शिरतो.

कमी शक्तीच्या स्पंदांची ही कल्पना शरीराच्या प्रतिमा घेण्यातही उपयोगी पडते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात २००६ मध्ये पुढे आलेल्या ‘स्विफ्ट’ या प्रतिमांकन पद्धतीत वारंवारता बदलत नेणाऱ्या स्पंदाचे तुकडे पाडून मधल्या फटींतच संकेत टिपला जातो. त्यामुळे हाडे व दात यांचे क्षणार्धात विरणारे संकेतही हाती लागतात.

या सर्व तंत्रांनी घटते ती शिखरशक्ती. शरीराचे तापणे सरासरी शक्तीवर अवलंबून असल्याने ते आपोआप कमी होत नाही. म्हणून या तंत्रांचा खरा लाभ लहान, स्वस्त विवर्धकांवर चालणाऱ्या सुटसुटीत उपकरणांना आहे.