वडाच्या अंगाखांद्यावर

आपल्या शहराने नावच झाडाकडून घेतले आहे. इ.स. ८१२ च्या ताम्रपटात या वस्तीचा उल्लेख ‘वटपद्रक’ असा येतो; अंकोट्टक, म्हणजे आजचे अकोटा, त्याच्या शेजारचे हे वडांचे गाव. पुढे १८७९ साली सयाजीराव महाराजांनी विश्वामित्रीच्या काठी बाग उभारली. तिला जुनी मंडळी अजून कमाटी बागच म्हणतात. लंडनच्या क्यू उद्यानात शिकलेला क्रुम्बिगेल हा जर्मन उद्यानतज्ज्ञ १८९३ साली बडोद्याच्या बागांसाठी आला, १९०८ मध्ये म्हैसूर दरबारी गेला आणि बंगळूरने त्याचे नाव जपले. झाडे लावणाऱ्यांची व लावविणाऱ्यांची नावे अशी टिकतात. पण त्याच झाडांवर चढून ती राखतो त्या माणसाचे नाव कोणत्याही दफ्तरात सापडायचे नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर रस्त्यांतून हिंडावे म्हणजे या कामाचे वाईट रूप तेवढे दिसते. विजेच्या तारांना अडते म्हणून झाडाची एकच बाजू सपाट उतरलेली असते. कोठे शेंडाच उडवून नुसते खुंट उभे ठेवलेले. पाहणाऱ्याला वाटते, झाड हलके झाले, आता वादळाची भीती नाही. वस्तुस्थिती बरीचशी उलटी आहे. खुंटाभोवती दोन महिन्यांत धुमाऱ्यांचा झुपका फुटतो, पण ते धुमारे वरवरच्या सालीतून आलेले असतात. मूळ फांदी जशी खोडात रुजलेली असते, तसे ते नसतात. खाली खुंट कुजत जातो, वर धुमारे जाड होत जातात आणि पाचसात वर्षांनी जी फांदी मोटारीवर कोसळते ती बहुधा अशा छाटणीचीच संतती असते. तेव्हा दोष वाऱ्याला दिला जातो.

झाडाची जखम माणसाच्या जखमेसारखी भरून येत नाही, हे ध्यानात आले की बाकीचे सारे समजते. अमेरिकेच्या वनखात्यातील अ‍ॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने हजारो झाडे उभी चिरून कुजीची वाट तपासली आणि १९७० नंतरच्या दशकात दाखवून दिले की, झाड जखम बरी करीत नाही, ती कोंडते. आत भिंती घालून कूज जिथल्या तिथे अडविते आणि बाहेरून नवे लाकूड चढवून तोंड बंद करते. फांदी जेथे खोडातून निघते तेथे सालीची एक फुगीर वळी असते. कापायचे ते या वळीच्या बाहेर, तिला न दुखावता. खोडाशी अगदी गुळगुळीत कापले तर ही वळीच जाते आणि कूज थेट खोडात शिरते. लांब खुंट ठेवला तर नवी साल त्याच्यावरून मिटू शकत नाही. काम बोटभर जागेत करायचे आणि फरक झाडाच्या पुढच्या पन्नास वर्षांचा! कापल्या जागी डांबर फासण्याची आपल्याकडची आवडती रीतही शिगोच्या प्रयोगांत निरुपयोगी ठरली. डांबराने समाधान होते ते फासणाऱ्याचे.

आता हे बोटभर काम जमिनीपासून चाळीस फुटांवर, झुलत्या फांदीवर बसून करायचे असते. आपल्याकडचा गडी अनवाणी चढतो, कमरेला दोराचा वेढा आणि पाठीशी कोयता खोचून. जाणकार माणूस आधी खालून झाडाभोवती दोन फेऱ्या मारतो. वाळकी फांदी कोठे, ढोली कोठे, आग्या मोहळ कोठे, तार किती हातांवर, हे सगळे पाहिल्यावाचून तो दोराला हात लावीत नाही. तारेत प्रवाह असेल तर चढूच नये; तो बंद केल्याची खात्री ज्याने करायची त्याने खालून नुसते ‘चढ रे’ म्हणणे हा या धंद्यातला सर्वांत मोठा गुन्हा आहे. वरच्या भक्कम बेचक्यातून दोर ओवून, अंगाला पट्टा बांधून, सरकत्या गाठीच्या आधारे काम करण्याची पद्धत आता सर्वत्र शिकविली जाते. खिळ्यांचे बूट मात्र तोडायच्या झाडालाच. जिवंत झाडाला त्यांचे प्रत्येक पाऊल म्हणजे एक जखम.

जड फांदी तीन कापांत उतरवितात. पहिला काप खालून, खोडापासून हातभर लांब, अर्धवट. दुसरा वरून, त्याच्याही थोडा पलीकडे. तेथे फांदी मोडते, पण खालच्या कापामुळे साल सोलत खोडापर्यंत येत नाही. तिसरा काप उरलेल्या खुंटाचा, वळीशी. फांदीला आधीच दोर बांधलेला असतो, त्याचे दोनतीन वेढे खोडाला असतात, आणि खालचा जोडीदार तो दोर हळूहळू सोडतो. वरच्याचा जीव या खालच्याच्या हातात असतो, म्हणून हे गडी बहुधा एकमेकांचे भाऊ किंवा मेहुणे असतात.

ढोली दिसली की आपण घाबरतो आणि पूर्वी तर त्यात सिमेंट भरीत. झाड वाऱ्यात डोलते, सिमेंट डोलत नाही; मधल्या फटीत पाणी साचते आणि कूज वाढते. पोकळ बांबू जसा उभा राहतो तसे पोकळ खोडही, भोवतीचे निरोगी लाकूड पुरेसे जाड असेल तर, उभे राहते. आणि ढोलीत पिंगळा असतो, पोपट असतात, हे विसरता कामा नये.

वडाची गोष्ट आणखी निराळी, कारण त्याचा आधार वरून खाली येतो. शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील महावटवृक्षाचे मूळ खोड बुरशीने सडले म्हणून १९२५ साली काढून टाकावे लागले. त्याला आता शंभर वर्षे झाली, तरी झाड पारंब्यांच्या खांबांवर वाढतच आहे. तेथे कोवळ्या पारंब्या बांबूच्या नळीतून माती भरून जमिनीपर्यंत नेतात. २०२० च्या अम्फान वादळाने त्याच्या काही पारंब्या पाडल्या, पण झाड राहिले. महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्रीला वाळवी लागली तेव्हा २०१८ साली सलाइनच्या बाटल्या टांगून थेंबथेंब औषध खोडात सोडले गेले. आपल्याकडे मात्र पारंबी जमिनीला टेकण्याआधी छाटतात, रस्त्यात येते म्हणून. आणि आडवी फांदी बिचारी वर्षानुवर्षे अधांतरी वजन पेलीत राहते.

वटपौर्णिमेच्या सुताने वडाचे काही बिघडत नाही. ते सूत पावसात कुजून गळते. दिव्यांच्या माळेची तार, जाहिरातीचा खिळा आणि बुंध्यापर्यंत ओतलेला सिमेंटचा पार ही खरी पीडा. जुने पार दगडमातीचे असत, त्यातून पाणी मुळांपर्यंत जाई. बाजारात पूजेसाठी येणाऱ्या फांद्या कोयत्याने कशाही ओरबाडलेल्या असतात, त्यांच्याविषयी घरच्या बायकांनीच काय ते ठरवावे.

एक अडचण पैशाची आहे. लाकूड ज्याला न्यायचे तोच जर छाटणी करीत असेल, तर तो जाड फांदीवरच घाव घालणार. चांगली छाटणी वाळके, रोगट, घासणारे तेवढे काढते. हिरव्या डहाळीचा एका वेळी चौथा हिस्साही जाऊ नये, आणि म्हाताऱ्या झाडाचा तर त्याहून पुष्कळ कमी. दिवसभराच्या मेहनतीनंतर झाडाखाली जेमतेम एक हातगाडी भरते. मालक वर पाहतो, फरक काही दिसत नाही, आणि मजुरी देताना घासाघीस सुरू होते. तेव्हा कमरेचा दोर सोडीत तो गडी वरच्या दोन वाळक्या फांद्यांची रिकामी जागा बोटाने दाखवितो, आणि ठरलेले पैसे मागतो.