‘खालचा गिअर’ : एका संज्ञेचा अर्थविचार

परिभाषेचा विचार करताना आपण बहुधा अपरिचित शब्दांकडे संशयाने पाहतो. वस्तुतः अर्थाचा घोटाळा पुष्कळदा परिचित शब्दच करतात. ‘खालचा गिअर’ हा असाच एक शब्द होय. गाडी चालविणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तो आहे. तथापि गिअर खालचा पडतो तेव्हा नेमके काय खाली जाते, असे विचारले असता सरळ उत्तर क्वचितच मिळते. स्वयंचलित गिअरपेटी असलेला डिझेल पिकअप ट्रक मागे जड ट्रेलर ओढीत डोंगराळ रस्त्याने जात असता काय करतो, हे पाहिले म्हणजे या शब्दाचा अर्थ स्पष्ट होतो; आणि तो न कळल्यास केवढी किंमत द्यावी लागते, हेही ध्यानात येते. अशी वाहने मुख्यत्वे अमेरिकेत वापरली जात असल्याने उदाहरणही तेथीलच घेणे इष्ट.

अशा अनेक ट्रकांत बसविलेल्या ‘अ‍ॅलिसन १०००’ या सहा गिअरच्या पेटीचे आकडे पाहू. तिच्या पहिल्या गिअरमध्ये पुढे जाणारा दांडा एकदा फिरण्यासाठी इंजिनाला ३.१० फेरे घ्यावे लागतात, दुसऱ्यात १.८१, तिसऱ्यात १.४१, चौथ्यात बरोबर १, पाचव्यात ०.७१ आणि सहाव्यात ०.६१. गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने चालली असता, अशा ट्रकांच्या नेहमीच्या चाकांचा व आसाचा हिशेब धरून, सहाव्या गिअरमध्ये इंजिन मिनिटाला सुमारे ९०० फेरे घेईल, चौथ्यात १५००, तिसऱ्यात २१०० आणि दुसऱ्यात २७००. म्हणजे खाली जातो तो केवळ गिअरचा क्रमांक. इंजिनाचा वेग वरच चढतो.

चढावर या क्रियेचे प्रयोजन उघड आहे. इंजिनाची शक्ती हा त्याच्या पिळाचा आणि वेगाचा गुणाकार असतो. सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला भार पेलत नाही. चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो, पेटी गिअर उतरविते, इंजिन जलद फिरू लागते आणि भार पुढे सरकतो. येथे चालकाचा हेतू त्याच्या पायाच्या दाबातून यंत्राला स्पष्टपणे कळतो.

खरा प्रश्न उतारावर उपस्थित होतो. कोलोरॅडो राज्यातील ‘आय-७०’ या महामार्गावर सुमारे ३,४०० मीटर उंचीवर आयझेनहॉवर बोगदा आहे. तेथून पश्चिमेकडे सिल्व्हरथॉर्न गावापर्यंत रस्ता सुमारे १३ किलोमीटरांत साधारण ६५० मीटर खाली उतरतो. ट्रक व ट्रेलर मिळून ८ टन वजन धरल्यास या उतारावर सुमारे ५ कोटी जूल ऊर्जा कोठे तरी मुरवावी लागते. एवढ्या ऊर्जेने १६० लिटर थंड पाणी उकळू लागेल. तिचा काही अंश वारा व चाकांचे घर्षण घेते. उरलेली सर्व ब्रेकवर पडल्यास ब्रेक तापून त्यांची पकड सुटते. याच महामार्गावर, डोंगर उतरून डेन्व्हरजवळच्या लेकवुड येथे आलेला एक अवजड मालट्रक २५ एप्रिल २०१९ रोजी ब्रेक निकामी झालेल्या अवस्थेत खोळंबलेल्या वाहनांवर आदळला आणि ४ माणसे प्राणास मुकली. तो पिकअप नव्हता. परंतु ऊर्जेचा हिशेब दोहोंना सारखाच लागू आहे.

ही ऊर्जा इंजिनाकडे वळविणे हा त्यावरील उपाय होय. मात्र डिझेल इंजिनात एक अडचण आहे. पेट्रोल इंजिनात पाय काढताच हवेची वाट झडपेने आवळली जाते व इंजिन गाडीला मागे खेचते. डिझेल इंजिनात हवेची वाट सहसा अशी आवळलेली नसते. दाबली गेलेली हवा स्प्रिंगप्रमाणे घेतलेली बरीचशी ऊर्जा परत देऊन टाकते. क्लेसी कमिन्स यांना १९३१ मध्ये कॅलिफोर्नियातील केहोन खिंड डिझेल ट्रकने उतरताना याचा जीवघेणा अनुभव आला. पायथ्याशी रूळ ओलांडणाऱ्या मालगाडीवर आदळता आदळता ते थोडक्यात बचावले. पुढे त्यांनी कल्पिलेला इंजिन ब्रेक जेकब्स कंपनीने १९६१ मध्ये बाजारात आणला. तो दाबलेली हवा ऐन वेळी बाहेर सोडून स्प्रिंगचा परतावाच नाहीसा करतो. आजच्या पिकअपमध्ये बहुधा याहून साधी युक्ती असते : टर्बोची पाती आवळून धुराची वाट रोखली जाते आणि इंजिनाला त्या दाबाविरुद्ध श्रम करावे लागतात. हे श्रम प्रत्येक फेऱ्यागणिक घडत असल्याने फेरे वाढले की रोधही वाढतो. सहाव्यातून दुसऱ्या गिअरमध्ये येणे म्हणजे फेरे जवळजवळ तिप्पट करणे होय.

आता अर्थाचा प्रश्न पाहू. चालकाने अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला, या एकाच खुणेचे दोन अर्थ संभवतात. सपाटीवर तिचा अर्थ ‘आता जोर नको’ असा होतो व पेटीने वरचा गिअर धरणे योग्य ठरते. उतारावर तीच खूण ‘गाडी आवर’ असे सांगत असते. खूण एक, अर्थ दोन; निर्णय संदर्भाने व्हायचा, हे भाषेच्या अभ्यासकाला नवे नाही. ओढणीसाठी दिलेले विशेष बटण दाबणे म्हणजे यंत्राला हा संदर्भ पुरविणे होय. ते दाबल्यावर पेटी वरचा गिअर लवकर घेत नाही. चालकाने उतारावर ब्रेक दाबून धरला की ती त्याचा हेतू ओळखून एकेक गिअर उतरविते, आणि तेलातून पीळ पोचविणारा टॉर्क कन्व्हर्टर शक्यतो जखडून ठेविते, जेणेकरून चाकांचा जोर घसरून वाया न जाता इंजिनापर्यंत पोचावा.

या वेळी इंजिन मोठ्याने गर्जू लागते. ‘खालचा’ या शब्दाने मंदपणाची अपेक्षा बाळगणाऱ्या चालकाला तो बिघाड वाटतो. तो बटण बंद करतो, इंजिन शांत होते आणि सर्व भार निमूटपणे ब्रेकवर जातो. आणखी एक मर्यादा ध्यानात ठेवावयास हवी. इंजिनाचा वेग धोक्याच्या रेषेपलीकडे जाणार असेल तर पेटी गिअर उतरविण्याचे नाकारते. म्हणून वेग उताराच्या माथ्यावरच कमी केला पाहिजे. गाडी भरधाव सुटल्यावर मागितलेला गिअर मिळत नाही.

आपल्याकडे बोरघाट उतरताना गाडी न्यूट्रलवर सोडू नये, असे चालकांना बजावले जाते, त्याचे कारणही हेच. चढाला जो गिअर लागतो तोच उताराला, हा चालकांचा जुना दंडक क्रमांक सांगत नाही, प्रयोजन सांगतो. म्हणूनच तो दिशाभूल करीत नाही. ‘खालचा गिअर’ हा शब्द आता रुळलेला आहे व तो काढून टाकण्याचे कारण नाही. मात्र मराठीतून यंत्रविद्या शिकविणाऱ्याने त्याची व्याख्या देताना ‘इंजिनाचे फेरे वाढविणारा, चढावर ओढणारा व उतारावर आवरणारा’ एवढे शब्द अवश्य जोडावेत. त्यांची खरी गरज घाटमाथ्यावर पडते.