रात्रीचा जिताडा: नकली गळ, चांदची तारीख आणि थोडा सबुरीचा हिशेब

उरणच्या खाडीचा मानाचा मासा कोणता, असं विचारलं तर करंजापासून मोऱ्यापर्यंत उत्तर एकच येईल, जिताडा. गोव्यात याला चोणक म्हणतात, बंगालमध्ये भेटकी आणि ऑस्ट्रेलियात बॅरामंडी. १२ जानेवारी २०२४ रोजी अटल सेतू आणि उरणची लोकल दोन्ही सुरू झाले. आता मुंबईचा शौकीन तास-दीड तासात इथे पोहोचतो. आपली पोरंही शनिवारी रात्री रॉड घेऊन खाडीवर दिसू लागली आहेत. शौक चांगला आहे आणि रोजी हलाल आहे. पण रात्रीच्या गळाला अक्कल लागते आणि अदबही लागते. या लेखात आम्ही दोन्हींबद्दल लिहीत आहोत.

जिताडा रात्रीच का?

जिताडा पाठलाग करून शिकार करत नाही, दबा धरून बसतो. खांब, खडक, तिवरांची मुळं, जेट्टीची सावली अशा ठिकाणी तो थांबतो आणि बोईट किंवा कोळंबी समोर आली की तोंड उघडून पाण्यासकट ओढून घेतो. त्या वेळी पाण्यावर ‘भुप्’ असा आवाज येतो. रात्री हा आवाज ऐकू आला तर मासा जवळच आहे असं समजा. अंधारात त्याला चांगलं दिसतं, टॉर्चच्या उजेडात त्याचे डोळे लालसर चमकतात. भक्ष्याला मात्र तेवढं दिसत नाही, त्यामुळे रात्र त्याच्या फायद्याची.

चांदच्या तारखेवरून भरती

कोकणात जुना हिशेब आहे. तिथीला पाऊणने गुणा, भरतीची वेळ मिळते. आपल्या घरात चांदची तारीख माहीत असतेच, तिच्यावरूनही हे जमतं. दिवसाची चांदची तारीख घ्या, त्यात १ मिळवा. बेरीज १५ च्या वर गेली तर १५ वजा करा. जी संख्या येईल तिची पाऊणपट म्हणजे भरतीचा अंदाजे तास, सकाळचा आणि रात्रीचाही.

उदाहरणार्थ, चांद १० असेल तर १० अधिक १ म्हणजे ११, त्याची पाऊणपट सव्वाआठ. चांद २५ असेल तर २६ वजा १५ म्हणजे ११, पुन्हा सव्वाआठ. यात तासाभराचा फरक पडू शकतो, म्हणून निघण्याआधी मोबाईलवर भरतीचं वेळापत्रक पाहून खात्री करावी.

आमच्या मते सर्वांत सोयीच्या रात्री चांद २३ ते २६ या. संध्याकाळी साधारण सात ते नऊच्या दरम्यान भरती पूर्ण होते, चंद्र मध्यरात्रीनंतरच उगवतो आणि इशाची नमाज जमाअतने पढून निघालं तरी ओहोटीचे पहिले दोन-तीन तास हाताशी असतात. पाणी उतरू लागलं की तिवरांत शिरलेली कोळंबी आणि बोईटं नाल्यांतून बाहेर येतात. जिताडा त्या नाल्याच्या तोंडाशीच उभा असतो. चांद ९ ते ११ लाही वेळ जमते, फक्त उजेड जास्त असतो. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी जोरात धावतं आणि गढूळही होतं, नवख्यांनी त्या रात्री टाळाव्यात.

सामान किती आणि कोणतं?

दुकानदार दहा वस्तू दाखवेल. खरी गरज एवढीच आहे:

- सात ते आठ फुटांचा, मध्यम-जड ताकदीचा रॉड आणि ४००० आकाराचा स्पिनिंग रील.
- तीस पौंडांच्या आसपासचा ब्रेड दोर.
- पुढे एक मीटर जाड लीडर, चाळीस ते साठ पौंडांचा. यात कंजूषी नको. जिताड्याचं तोंड कानशीसारखं खरखरीत असतं आणि कल्ल्यांची कड धारदार असते, त्याने बारीक दोर लगेच कापला जातो.
- लांब चोचीची पकड, ओला करून वापरायचा कपडा आणि डोक्याला लावायचा लाल उजेडाचा दिवा.

नकली मासे, ज्यांना दुकानात लूर म्हणतात, तीन प्रकारचे पुरतात. पहिला, नऊ ते बारा सेंटीमीटरचा कडक प्लास्टिकचा तरंगता मासा, जो ओढला की थोडा बुडून हलतो. दुसरा, शेपटी हलवणारा मऊ रबरी मासा, शिशाच्या डोक्याच्या गळावर लावलेला. नाल्याच्या तोंडाशी हा सर्वांत उपयोगी. तिसरा, पाण्यावर खळखळ करत चालणारा. वारा पडलेला आणि पाणी शांत असेल तेव्हाच तो चालतो.

रंगाबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना उलटी वाटते. रात्री चमकदार नव्हे, काळा किंवा गडद रंग चांगला. मासा खालून वर पाहतो आणि आकाशाच्या फिकट उजेडावर त्याला काळी आकृती ठळक दिसते. आत छर्रे खुळखुळणारा नकली मासा असेल तर आणखी उत्तम, कारण अंधारात जिताडा आवाज आणि कंपन यांवरही शिकार ओळखतो.

फेकायचं कसं, ओढायचं कसं?

दिवसा ओढता त्याच्या निम्म्या वेगाने ओढा. तीन-चार फेरे, मग थांबा. दोनपर्यंत मोजा, पुन्हा ओढा. झटका बहुधा थांबल्यावरच बसतो.

जेट्टीवर दिवा असेल तर उजेडाच्या मधोमध फेकू नका. उजेड आणि सावली जिथे मिळतात ती रेषा शोधा. छोटे मासे उजेडात जमतात, जिताडा सावलीच्या बाजूला उभा राहतो. नकली मासा उजेडातून सावलीत येऊ द्या. आपला टॉर्च पाण्यावर मारू नका आणि काठावर पाय आपटत चालू नका.

मासा लागला की तो उडी मारतो, डोकं झटकतो आणि खांबाकडे धावतो. दोर ढिला पडू देऊ नका, उडीच्या वेळी रॉडचं टोक खाली घ्या. काठावर आला की कल्ल्यात बोट घालू नका, बोट कापेल.

जिवंत आमिष नको

आपल्याकडे जिवंत कोळंबी किंवा बोईट गळाला टोचण्याची पद्धत आहे. जिवंत जीवाला असं टोचणं अनेक उलेमांनी मकरूह म्हटलं आहे, मेलेलं आमिष किंवा नकली मासा वापरायला हरकत नाही. म्हणजे नकली गळ हा नुसता फॅशनचा मामला नाही.

समुद्राची शिकार आपल्यासाठी हलाल आहे हे सूरह अल-माइदामध्ये आलं आहे आणि माशाला जिबह करावं लागत नाही, हे घरातलं लहान पोरही जाणतं. पण कारण नसताना जीव घेणाऱ्याबद्दल हदीसमध्ये सक्त ताकीद आहे. फोटो काढून किनाऱ्यावर फेकून दिलेला मासा हा शौक नाही, इसराफ आहे. जेवढं खायचं किंवा शेजाऱ्याला द्यायचं, तेवढंच धरा.

मोठा मासा सोडायचा का?

इथे जिताड्याची एक नवलाची गोष्ट कामी येते. हा मासा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो. दोन-तीन किलोपर्यंतचे बहुतेक नर, चार-पाच किलोच्या पुढचे बहुतेक माद्या. एक मोठी मादी पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी लाखो अंडी घालते. प्रत्येक मोठा जिताडा कापला गेला तर पुढची पिढी येणार कुठून?

म्हणून आमचा सल्ला साधा आहे. दीड किलोच्या आतला सोडा, पाच किलोच्या वरचाही सोडा. मधला एक घरी न्या, नारळाच्या दुधातलं सालन एका कुटुंबाला पोटभर होतं. सोडायचा असेल तर गळाचा काटा आधीच चपटा करून ठेवा, हात ओले करा, मासा आडवा धरा आणि तो स्वतः शेपटी मारेपर्यंत पाण्यात आधार द्या. १ जून ते ३१ जुलै राज्यात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते. काठावरच्या गळानेही पावसाळ्यात विश्रांती घ्यावी, मासा तेव्हा अंड्यांवर असतो.

यात दुसऱ्याच्या पोटाचाही प्रश्न आहे. बंदराच्या भरावामुळे रोजगार गेलेल्या उरण परिसरातल्या १,६३० मच्छीमार कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिला होता. या खाडीवर आधीच किती ओझं आहे ते यावरून कळतं. आपला शौक कोळी बांधवांच्या डोलीच्या खुंटांवर आणि जाळ्यांवर पडता कामा नये. कुठे फेकावं हे त्यांनाच आदबीने विचारा, ते बरोबर जागा सांगतात.

जीव आधी, मासा नंतर

एकटे जाऊ नका. चिखलात उतरू नका, भरती मागच्या नाल्यातून भरते आणि परतीची वाट कापते. खडकावर किंवा होडीत लाईफ जॅकेट घाला. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची शेपटी लागली तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरा आणि डॉक्टरकडे जा.

उरणला नौदलाचं क्षेत्र आहे, बंदर आहे, ओएनजीसीचा प्रकल्प आहे. यांच्या हद्दीजवळ रात्री फिरकू नका, फोटो काढू नका. सप्टेंबर २०१६ मध्ये शाळकरी मुलांनी संशयित हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितल्यावर सगळं उरण हाय अलर्टवर गेलं होतं. त्यामुळे इथे रात्रीच्या टॉर्चकडे लक्ष जाणारच. ओळखपत्र खिशात ठेवा, कुठे जाताय ते घरी सांगून निघा आणि पोलिसांनी विचारलं तर शांतपणे उत्तर द्या. संकटात ११२, समुद्रात असाल तर तटरक्षक दलाचा १५५४.

आणि रात्री एकच्या सुमारास रॉड गुंडाळा. मासा पुढच्या ओहोटीलाही मिळेल, फज्र चुकली तर ती वेळ परत येत नाही. काठावर तुटलेला दोर, रिकाम्या बाटल्या ठेवू नका. खाडी ही अमानत आहे, ती पुढच्याला तशीच मिळाली पाहिजे.